‘न्यूमन म्हणजे टीचिंग’ : स्लाइडवरच्या एका ओळीमागचा माणूस

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये एकदा तरी ही स्लाइड तुमच्यासमोर येणार आहे. डावीकडे ‘हम्बोल्ट : संशोधन’, उजवीकडे ‘न्यूमन : अध्यापन’, खाली एक बाण आणि त्याखाली ‘आधुनिक विद्यापीठ’. मीसुद्धा सेमिनारला हीच दाखवली होती, आधीच्या बॅचच्या पीपीटीतून उचललेली. समोर बसलेल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “न्यूमन कोण?” मी म्हटलं, “सर, एज्युकेशनिस्ट होते.” “हो, पण नोकरी काय करायचे?” वर्ग हसला. मला खरंच माहीत नव्हतं.

जॉन हेन्री न्यूमन हे धर्मगुरू होते. आयुष्याचा पहिला अर्धा भाग अँग्लिकन चर्चमध्ये, दुसरा कॅथलिक चर्चमध्ये. जन्म १८०१, लंडन; मृत्यू १८९०, बर्मिंगहॅम. चर्चने २०१९ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं. मी ख्रिस्ती नाही, आणि माझा विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. तरी त्या फजितीनंतर मी त्यांचं पुस्तक काढून वाचलं, मग चरित्र वाचलं, आणि लक्षात आलं की स्लाइडवरची ती ओळ अगदीच खोटी नसली तरी तिच्यात मुख्य गोष्टच गळली आहे. संशोधनाला येऊ पाहणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी, म्हणून हा लेख.

परीक्षेत आपटलेला मुलगा

सुरुवात तुम्हाला आवडेल अशी आहे. न्यूमन सोळाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकायला गेले. वडिलांची बँक १८१६ मध्ये बंद पडलेली, त्यामुळे घरची भिस्त या हुशार मोठ्या मुलावर. अंतिम परीक्षेआधी ते दिवसाला बारा-बारा तास अभ्यास करत होते. १८२० मध्ये परीक्षा आली, अपेक्षेपेक्षा एक दिवस आधीच बोलावणं आलं, आणि ते तिथे कोसळले. गणिताच्या ऑनर्सच्या यादीत नावच नाही. ग्रीक-लॅटिनमध्ये दुसऱ्या वर्गात, तेही तळाला. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉपर धरलेला मुलगा कसाबसा पास झाला.

दोन वर्षांनी, १८२२ मध्ये, त्यांनी ओरिएल कॉलेजच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये यापेक्षा मानाची फेलोशिप नव्हती. पण ओरिएलवाल्यांची एक वेगळी पद्धत होती : ते विद्यापीठाच्या निकालपत्रावर विसंबत नसत, स्वतःची परीक्षा घेत आणि उमेदवार विचार कसा करतो ते पाहत. न्यूमन निवडले गेले. निरोप घेऊन प्रोव्होस्टचा नोकर आला तेव्हा ते व्हायोलिन वाजवत होते. ‘ठीक आहे’ एवढंच म्हणून ते वाजवतच राहिले, आणि नोकर जिना उतरल्यावर व्हायोलिन टाकून धावत सुटले. हा किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. नेटचा निकाल लागल्यावर आपण जे करतो त्यापेक्षा फार वेगळं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं : परीक्षा माणसाबद्दल किती कमी सांगते हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. पुढे ते परीक्षांबद्दल जे बोलले त्याचं मूळ इथे असावं, असा माझा अंदाज.

ट्यूटर म्हणजे कोण?

१८२५ मध्ये त्यांना अँग्लिकन धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १८२६ मध्ये ते ओरिएलमध्ये ट्यूटर झाले. इथे त्यांच्या आयुष्यातली पहिली खरी लढाई आहे. चरित्रांमध्ये ती तीन-चार पानांत उरकलेली असते. मला विचाराल तर सगळं तिथेच आहे.

तेव्हा कॉलेजचा ट्यूटर ठरलेल्या पुस्तकांवर वर्गात व्याख्यान द्यायचा आणि निघून जायचा. ज्या मुलांना चांगला वर्ग मिळवायचा असेल ती बाहेर पैसे मोजून खाजगी शिकवणी लावायची. (हसू नका. १८२० च्या दशकातलं ऑक्सफर्ड आहे, लातूर नव्हे.) न्यूमन म्हणाले, मी धर्मगुरू आहे, या मुलांची जबाबदारी माझ्यावर सोपवलेली आहे; ती फक्त पाठ घेण्यापुरती असू शकत नाही. मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलांना ते फी न घेता स्वतः जादा वेळ देऊ लागले, म्हणजे बाहेरच्या शिकवणीची गरज उरू नये. सुट्टीत त्यांच्याबरोबर राहू लागले. हरेल फ्रूड आणि रॉबर्ट विल्बरफोर्स या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी १८२९ मध्ये योजना आखली की प्रत्येक ट्यूटरकडे त्याची स्वतःची मुलं असावीत आणि त्याने त्यांना जवळून ओळखावं.

कॉलेजचे नवे प्रमुख एडवर्ड हॉकिन्स यांना हे पटलं नाही. त्यांना पक्षपाताची भीती वाटत होती, आणि ही भीती अगदीच निराधार नव्हती. ‘सरांची लाडकी मुलं’ हा प्रकार आपणही पाहिला आहे. हॉकिन्सनी न्यूमनना कामावरून काढलं नाही. फक्त १८३० पासून त्यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठवणं थांबवलं. जुनी मुलं पास होऊन गेली की ट्यूटरकी आपोआप संपणार, आणि तशी ती संपली. विभागात एखाद्याला नकोसं करायची ही रीत दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

यातून न्यूमन ज्या प्रश्नापाशी पोचले तो असा : शिक्षकाकडे विद्यार्थी सोपवला जातो तेव्हा नेमकं काय सोपवलं जातं? त्याचा पेपर, की तो?

ट्यूटरकी गेली तरी १८२८ पासून ते सेंट मेरीज या विद्यापीठाच्या चर्चचे व्हिकर होते. तिथली त्यांची प्रवचनं ऐकायला मुलं गर्दी करत. पुढची पंधरा वर्षं मी भराभर ओलांडते : १८३३ पासून ऑक्सफर्ड चळवळ, १८४१ मध्ये त्यांच्या एका पुस्तिकेवरून उठलेलं वादळ, १८४३ मध्ये सेंट मेरीजचा राजीनामा आणि ९ ऑक्टोबर १८४५ ला लिटलमोर इथे कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश. त्या काळात ऑक्सफर्डच्या पदवीसाठी अँग्लिकन चर्चच्या धर्मकलमांवर सही करावी लागे, म्हणजे विद्यापीठाचं दारच बंद. मित्र तुटले. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले, रोमला जाऊन शिकले आणि १८४७ मध्ये कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी बर्मिंगहॅमजवळ ऑरेटरी सुरू केली. ऑरेटरी म्हणजे एकाच घरात राहून काम करणाऱ्या धर्मगुरूंचं मंडळ.

डब्लिन : रेक्टर, दोन्ही अर्थांनी

आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण जुनं ट्रिनिटी कॉलेज प्रोटेस्टंटांच्या ताब्यात. सरकारने १८४५ च्या कायद्याने क्वीन्स कॉलेजं काढली ती कोणत्याच पंथाची नव्हती, म्हणून बिशपांना नको होती. त्यांनी स्वतःचं विद्यापीठ काढायचं ठरवलं आणि आर्चबिशप पॉल कलन यांनी न्यूमनना बोलावलं. १८५२ च्या मे-जूनमध्ये न्यूमननी डब्लिनमध्ये पाच व्याख्यानं दिली. त्यांत भर पडत पडत १८७३ मध्ये जे पुस्तक पक्कं झालं तेच ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’, आपल्या स्लाइडचं उगमस्थान.

विद्यापीठ ३ नोव्हेंबर १८५४ ला सुरू झालं, सेंट स्टीफन्स ग्रीन या चौकातल्या ८६ क्रमांकाच्या घरात. विद्यार्थी विसाच्या आसपास. न्यूमन रेक्टर झाले. आपल्याकडे रेक्टर म्हटलं की होस्टेलचे रेक्टर आठवतात, रात्री दहाला हजेरी घेणारे. तिथे तो शब्द कुलगुरूंसाठी आहे. गंमत अशी की न्यूमन दोन्ही होते. मुलांनी लहान लहान घरांत ट्यूटरबरोबर राहावं अशी त्यांची रचना होती आणि हारकोर्ट स्ट्रीटवरचं एक घर ते स्वतः चालवत. कुलगुरू मुलांबरोबर एका छताखाली जेवतायत, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

आता पुस्तकातला तो विचार, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. न्यूमन दोन विद्यापीठांची कल्पना करतात. एकात मुलं राहत नाहीत, कोणी ट्यूटर नाही. भरपूर विषयांची परीक्षा द्यायची आणि पदवी घेऊन जायचं. दुसऱ्यात प्राध्यापक नाहीत, परीक्षाही नाही. तरुण मुलं तीन-चार वर्षं फक्त एकत्र राहतात आणि मग घरी जातात. यातलं बुद्धी घडवणारं कोणतं? ते बेधडक दुसरं निवडतात. वेगवेगळ्या विषयांची मुलं एकमेकांशी बोलून जे शिकतात ते कुठल्याही परीक्षेने येत नाही, असा त्यांचा मुद्दा.

हे पहिलं विद्यापीठ काल्पनिक नव्हतं. १८३६ मध्ये सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ तसंच होतं : कॉलेजं शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार. आणि ज्या १८५४ मध्ये न्यूमन डब्लिनला विद्यापीठ उघडत होते, त्याच वर्षाच्या जुलैत वुडच्या खलित्याने हिंदुस्थानसाठी नमुना म्हणून लंडन विद्यापीठाचंच नाव सुचवलं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला जी विद्यापीठं आली ती त्या साच्यातली. संलग्न कॉलेजं, परीक्षा विभाग, हॉल तिकीट, गुणपत्रिका हे सगळं त्या साच्यातून आलं. तुमच्यापैकी बरेच जण जिल्ह्याच्या कॉलेजात बीएस्सी करून विद्यापीठाच्या कॅम्पसवर पहिल्यांदा आला असाल ते मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी. मीही तशीच आले होते. न्यूमन ज्याला नको म्हणत होते त्या विद्यापीठाची आपण पोरं आहोत.

आणि संशोधन?

स्लाइडवाल्या ओळीचा आधार प्रस्तावनेत आहे. ज्ञान पसरवणं हे विद्यापीठाचं काम, ज्ञानात भर घालणं हे मुख्यतः अकादम्यांचं, असं न्यूमन म्हणतात; शोध लावणं हाच हेतू असता तर विद्यार्थी कशाला ठेवायचे, असा त्यांचा सवाल आहे. शोधणं आणि शिकवणं या वेगळ्या देणग्या आहेत आणि दोन्ही एकाच माणसात क्वचित भेटतात, हेही ते सांगतात. आपले सर्वात मोठे शास्त्रज्ञ ज्यांच्या वर्गात बसले असतील त्यांना याचा पुरावा मागावा लागणार नाही.

पण इथेच थांबलं की गडबड होते. १८५५ मध्ये विज्ञान शाखेसाठी लिहिलेल्या व्याख्यानात हेच न्यूमन संशोधकाची बाजू घेतात. संशोधकाला मोकळी जागा हवी, प्रत्येक पावलाला कोणी खांद्यावरून डोकावून ‘हे धर्मात बसतं का’ असं विचारू नये. संशोधन ही लांब चालणारी गोष्ट आहे, मधल्या टप्प्यावर ते चुकीच्या दिशेला गेल्यासारखं दिसू शकतं आणि कधी कधी चुकीच्या वाटेनेच खरं हाती लागतं. बिशपांच्या पैशावर चाललेल्या विद्यापीठाचा प्रमुख हे म्हणत होता. माझं दुसरं वर्ष अख्खं एका रिअ‍ॅक्शनमागे गेलं, जी पेपरमध्ये ८० टक्के यील्ड दाखवते आणि माझ्या फ्लास्कमध्ये काळा डांबरासारखा गोळा देते. त्या वर्षी हे व्याख्यान वाचायला हवं होतं.

शिवाय १८५८ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने ‘अटलांटिस’ हे सहामाही नियतकालिक काढलं, प्राध्यापकांचं संशोधन छापण्यासाठी. रसायनाचे प्राध्यापक विल्यम सलिव्हन त्यात होते. आयरिश इतिहासाचे प्राध्यापक यूजीन ओ’करी यांच्या व्याख्यानांना तर रेक्टर असलेले न्यूमन स्वतः श्रोते म्हणून जाऊन बसत. म्हणजे ‘संशोधन विद्यापीठाचं काम नाही’ असं म्हणणाऱ्याने संशोधनाला जर्नलही दिलं आणि श्रोताही.

मग खरा मुद्दा काय? मला तो असा समजला : विद्यार्थ्यांशिवायही संशोधन होऊ शकतं, पण विद्यार्थ्यांशिवायच्या जागेला विद्यापीठ म्हणता येत नाही. आपल्या देशाने हे नकळत करूनही दाखवलं. १९४२ मध्ये सीएसआयआर, १९४५ मध्ये टीआयएफआर, १९५० मध्ये पुण्यात एनसीएल. चांगलं संशोधन विद्यापीठांबाहेर गेलं आणि विद्यापीठांकडे परीक्षा उरल्या. २००६ पासून आयसर निघाल्या त्या हे दोन तुकडे पुन्हा जोडायला.

फसलेला रेक्टर

डब्लिनचं विद्यापीठ फारसं चाललं नाही, हे सरळ सांगायला हवं. सरकारी सनद नव्हती, म्हणजे पदवीला कायदेशीर किंमत नव्हती. यूजीसीची मान्यता नसलेल्या संस्थेत कोण प्रवेश घेईल? दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या आयर्लंडमध्ये मुलांना ‘ज्ञानासाठी ज्ञान’ शिकवायला पाठवणारी घरं किती असणार? न्यूमनच्या डोक्यातलं विद्यापीठ शेवटी ऑक्सफर्डच्या सुखवस्तू मुलांचं होतं, आणि मुलींचा तर त्यात विचारच नव्हता. हे पुस्तक वाचताना मला अधूनमधून ‘सर, मी कुठे बसू?’ असं विचारावंसं वाटलं.

सर्वात जोरात चाललं ते सेसिलिया स्ट्रीटवरचं वैद्यकीय विद्यालय, १८५५ मध्ये उघडलेलं, कारण तिथे शिकून डॉक्टरकीचा परवाना मिळत होता. १८५८ मध्ये त्यांनी डब्लिनमधल्या नोकरदार तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. तेही लोकांना हवे होते. कलन यांच्याशी मात्र जमलं नाही. मुलांना शहरात किती मोकळीक द्यायची, सामान्य गृहस्थांना कारभारात किती घ्यायचं, यावर खटके उडत. न्यूमनच्या पत्रांना महिनोन्‌महिने उत्तर येत नसे. बर्मिंगहॅमची जबाबदारीही त्यांच्यावरच होती, त्यामुळे बोटीने सतत ये-जा. १८५८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पुढे १८६० च्या दशकात त्यांनी ऑक्सफर्डमध्ये जागा घेतली. तिथे शिकणाऱ्या कॅथलिक मुलांसाठी ऑरेटरी काढायची, त्यांच्याबरोबर राहायचं. आपल्याच चर्चच्या वरिष्ठांनी ते अडवलं; न्यूमन तिथे गेले तर कॅथलिक मुलं ऑक्सफर्डला ओढली जातील, ही भीती. १८७९ मध्ये त्यांना कार्डिनल केलं गेलं, पण ऑक्सफर्डचं काम काही झालं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, ती बंदी उठली. त्याआधीच, १८९३ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी ‘न्यूमन क्लब’ काढला होता. आज जगभरच्या विद्यापीठांत ‘न्यूमन सेंटर’ नावाची ठिकाणं आहेत, जिथे एक धर्मगुरू बसलेला असतो आणि घरापासून लांब आलेली मुलं येऊन बोलतात. त्याला ते कॅम्पस मिनिस्ट्री म्हणतात. जे हॉकिन्सनी थांबवलं, कलननी खेचलं आणि रोमने अडवलं, तेच त्यांच्या नावाने उरलं.

तुमच्या वाट्याचे तास

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार तुम्हाला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल, तपासणी अशी कामं दिली जाऊ शकतात. सीनियर सांगतील, ‘वेळ खातं, कसंतरी उरक.’ मीही तेच करत होते.

तिसऱ्या वर्षात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला माझ्याकडे एक मुलगी होती. गप्प असायची, हात चांगला होता. एकदा संध्याकाळी लॅबच्या दारात येऊन म्हणाली, “ताई, दोन मिनिटं होती का?” माझा कॉलम चालू होता, सॉल्व्हंट संपत आलेलं. मी मान न वळवता म्हटलं, “उद्या ये ना, कोरडा पडेल हा.” ती तीन आठवड्यांनी आली ती नो-ड्यूजच्या फॉर्मवर सही घ्यायला. कोर्स सोडून घरी चालली होती. काय झालं विचारलं, तर “काही नाही ताई” म्हणाली. तोवर मला सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळच्या कॉलममधून काय निघालं ते माझ्या नोटबुकात आहे : मिक्स्ड फ्रॅक्शन्स, पुन्हा करणे.

न्यूमन मी यानंतर वाचले, आधी नाही.

पुस्तक जुनं असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी लांबलचक आहे, एक वाक्य अर्धं पान चालतं, चहा घेऊन बसा. आधी प्रस्तावना वाचा, मग पाचवं आणि सहावं व्याख्यान, आणि मग ते १८५५ चं वैज्ञानिक संशोधनावरचं. धर्मशास्त्राविषयीची सुरुवातीची व्याख्यानं आपण विज्ञानवाले गाळतो. ती नंतर वाचा, पण वाचा. एखादा विषय विद्यापीठातून काढला की त्याची जागा रिकामी राहत नाही, शेजारचे विषय ती बळकावतात आणि आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींवर बोलू लागतात, हा युक्तिवाद तिथे आहे. ज्या विभागांची पदं वर्षानुवर्षं भरलेली नाहीत त्यांच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा आणि मग तो भाग उघडा.

आणि ती स्लाइड कोणाला हवी असेल तर माझ्याकडे अजून आहे. सर समोर नसतील तेव्हाच दाखवा.